बेदाणा, मगर आणि बुल शार्क: समुद्रात बुडी मारण्याआधी

पुतण्या ताटातली मोरी चाखत चाखत विचारत होता, "काका, मालवणला शार्क असतात का हो?"

मी म्हटलं, "असतात की. एक तुझ्या ताटात आहे."

घास हातातच राहिला. मोरी म्हणा, मुशी म्हणा, ती शार्कच. घाटावरच्या आपल्या लोकांना हे बऱ्याचदा ठाऊक नसतं. झालं असं, की पुतण्या आणि त्याचे कॉलेजचे मित्र डिसेंबरात तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगला निघालेत. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला: गढूळ निळ्या पाण्यात एक जाडजूड बुल शार्क डायव्हरभोवती फेऱ्या मारतेय आणि मागे काळजाचा ठोका चुकवणारं संगीत. वहिनींनी तो बघितला. "कृष्णेत मगरी कमी आहेत का, म्हणून समुद्रात मरायला चाललाय?" असं म्हणून त्यांनी सहलीचे पैसेच अडवून धरले.

सांगलीत राहून डायव्हिंगची हौस करणारा घरात मी एकटा, त्यामुळे निकाल माझ्याकडे आला. बुल शार्कशी माझी गाठ अजून पडलेली नाही. दुसऱ्या शार्क पाहिल्यात, आणि घाबरून वेडेपणाही केलाय. तो पुढे सांगतो.

सगळ्या शार्क एका माळेचे मणी नव्हेत

जगात शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. वीतभर लांबीची शार्क आहे आणि एस.टी.पेक्षा लांब शार्कही आहे. ही सगळ्यात मोठी म्हणजे व्हेल शार्क. तोंड उघडं ठेवून पाणी आत घ्यायचं, गाळायचं आणि त्यातले बारीक जीव गिळायचे, हा तिचा धंदा. भारतात २००१ पासून वाघासारखंच तिला कायद्याचं संरक्षण आहे.

माणसाला जिवावरच्या जखमा झाल्याच्या बहुतेक नोंदी तीनच जातींच्या नावावर आहेत: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. अंदमान, लक्षद्वीप किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी डायव्हरला शार्क दिसलीच, तर ती बहुधा या तिघींपैकी नसते. प्रवाळात राहणारी, चार-पाच फुटांची, लाजरी शार्क असते.

बुल शार्क मात्र नावाप्रमाणे बैल. बेंदराला मिरवायला काढलेला तयारीचा खोंड डोळ्यांसमोर आणा. मान आणि खांदे एकच, तोंड आखूड आणि बोथट, डोळे बारीक. मादी नरापेक्षा मोठी. साधारण अडीच मीटर, कधी तीनच्याही पुढे. आफ्रिकेत हिला झांबेझी शार्क म्हणतात, कारण झांबेझी नदीत ती आतपर्यंत शिरते. तिची खरी करामत हीच. ती गोड्या पाण्यात जगते.

बेदाणा, काकडी आणि युरियाचं पोतं

समुद्राचा मासा नदीत का जगत नाही, याचं उत्तर तासगावच्या कुठल्याही बेदाण्याच्या शेडवर मिळेल. बेदाणा रात्री साध्या पाण्यात टाका, सकाळी टम्म फुगलेला असतो. आत साखर दाट, बाहेर पाणी पातळ, मधे साल. पाणी पातळाकडून दाटाकडे जातं, म्हणून ते आत शिरलं. आता काकडी घ्या. चोचवून मीठ लावा, पाच मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं. इथे दाट बाजू बाहेर होती. पडद्यातून होणाऱ्या पाण्याच्या या ये-जा करण्याला शाळेच्या पुस्तकात परासरण म्हणतात. शब्द एवढाच लक्षात ठेवा, पुढे मी बेदाणा आणि काकडीच म्हणणार आहे.

समुद्रातला पापलेट-बांगडा आतून समुद्राएवढा खारट नसतो. त्यामुळे तो सतत काकडीसारखा सुकत असतो. मग तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीतल्या रोहू-कटल्याचं उलटं. तो सतत बेदाण्यासारखा फुगत असतो, आणि सतत लघवी करून पाणी काढत असतो.

शार्कने तिसरी वाट काढली. तिने स्वतःच्या रक्तात युरिया साठवला. हो, तोच, उसाला जो पोत्याने टाकता तो. माणसाच्या अंगात युरिया तयार होतो आणि लघवीवाटे जातो. शार्क तो मुद्दाम धरून ठेवते, म्हणजे तिच्या अंगातला दाटपणा समुद्राच्या बरोबरीला येतो. ना काकडी, ना बेदाणा. शिवाय आतड्याच्या टोकाशी एक ग्रंथी असते, ती जादा मीठ बाहेर फेकते. (मोरी शिळी झाली की नाकात झोंबणारा जो वास येतो, तो याच युरियाचा अमोनिया झालेला असतो. म्हणून मोरी ताजीच घ्यावी. हा सल्ला डायव्हिंगचा नाही, पण फुकट आहे.)

आता अशी युरियाने भरलेली शार्क नदीत सोडली तर? बेदाणा. पाणी धो धो आत शिरणार. बहुतेक शार्क इथेच संपतात. बुल शार्कचं शरीर मात्र हळूहळू नवा हिशोब मांडतं. रक्तातला युरिया बराच कमी करतं, मीठ फेकणारी ग्रंथी मंद करतं, आणि मूत्रपिंडांना कामाला लावतं. पुराचं पाणी तळघरात शिरल्यावर आपण मोटर लावून उपसत बसतो ना, तसं. आत येतंय तेवढं बाहेर काढायचं, चोवीस तास. त्याच वेळी कल्ले नदीच्या पाण्यातलं जे थोडं मीठ असेल ते वेचत राहतात. खर्चिक काम आहे, पण तिला जमतं.

एवढा उपद्व्याप कशाला? पिल्लांसाठी. बुल शार्क अंडी घालत नाही, एका वेळी डझनभरापर्यंत जिवंत पिल्लं देते. उघड्या समुद्रात ही पिल्लं खायला मोठ्या शार्क टपलेल्या असतात. खाडीत आणि नदीच्या तोंडाशी त्या येत नाहीत. बाळंतपणाला माहेरी यावं, तशी मादी खाडीत येते, आणि पिल्लं पहिली काही वर्षं तिथेच वाढतात.

मग ती कृष्णेत येईल का?

वहिनींचा हा पहिला प्रश्न होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दक्षिण अमेरिकेत अमेझॉन नदीत, समुद्रापासून सुमारे चार हजार किलोमीटर आत, पेरू देशातल्या इक्विटोसपर्यंत बुल शार्क सापडलेली आहे. निकाराग्वाच्या मोठ्या तळ्यातल्या शार्क ही वेगळी, तळ्यातच अडकलेली जात असावी असं पूर्वी मानत. थॉमस थॉर्सन या शास्त्रज्ञाने त्यांना खुणेचे बिल्ले लावले, तेव्हा कळलं की त्या सान हुआन नदीचे खळाळ ओलांडून समुद्रात ये-जा करतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ तर १९९० च्या दशकातल्या पुरांत काही बुल शार्क कारब्रुक गोल्फ क्लबच्या तळ्यात आल्या, पूर ओसरला आणि त्या तिथेच राहिल्या, सतरा वर्षं. पूर उतरल्यावर शेतातल्या खड्ड्यात मासे राहतात, हे सांगलीकराला वेगळं समजवायला नको. तिथे खड्डा मोठा होता आणि मासाही.

कृष्णा महाबळेश्वरातून निघून सुमारे १४०० किलोमीटरवर आंध्रात हंसलादेवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. अंतर बघितलं तर अमेझॉनच्या निम्म्याहून कमी. पण वाटेत काय काय आहे ते मोजा: विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, पुलिचिंतला, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराळा, नारायणपूर आणि अलमट्टी. एवढं ओलांडून आली, तर पुढे आपला म्हैसाळचा बंधारा आहेच. शार्कला पोहता येतं, भिंती चढता येत नाहीत. एरवी महापुरावरून अलमट्टीला आपण इतकं बोलतो. या एका बाबतीत तिच्यावर राग नको.

त्यामुळे सांगलीच्या आयर्विन पुलाखाली मगर दिसली असं कुणी म्हणालं तर मी बघायला जाईन. शार्क दिसली म्हणाला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवीन.

मगर पाहिलेला माणूस शार्कला ओळखायला चुकतो

नदीकाठच्या माणसाला पाण्यातल्या शिकाऱ्याची समज असते. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मोटरीचा फूटव्हॉल्व्ह बघायला पाण्यात उतरणारा शेतकरी आधी काठावर उभा राहून पाणी निरखतो. पण ती समज जशीच्या तशी समुद्रात नेली तर गोंधळ होतो.

मगर दबा धरते. ती दिसत नाही, हेच तिचं हत्यार. आणि काठावरचं जनावर हे तिचं नेहमीचं भक्ष्य आहे, त्यात माणूसही मोडतो. म्हणून मगरीच्या बाबतीत दिसली की पाण्याबाहेर पळा, हा सरळ नियम.

शार्क फिरस्ती आहे. तिचं खाणं मासे, पाकट, कासव, दुसऱ्या शार्क. तोंडातून बुडबुडे सोडणारा, पाठीवर लोखंडी टाकी बांधलेला प्राणी तिच्या यादीत कधीच नव्हता. ती बघायला येते. बघण्यासाठी तिच्याकडे डोळे-नाकाशिवाय दोन जादा सोयी आहेत. अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने पाण्याची थरथर कळते. कुणी तडफडतंय का, हे ती लांबून ओळखते. आणि नाकाडावर बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ. प्रत्येक जिवंत स्नायू, धडधडणारं काळीज थोडी वीज सोडतं. ती या छिद्रांना समजते. वायरमनच्या खिशातला टेस्टर जणू, पण कितीतरी पट तल्लख. इटलीच्या स्टेफानो लोरेंझिनीने १६७८ मध्ये या छिद्रांचं वर्णन केलं. ती कशासाठी आहेत हे कळायला पुढे विसावं शतक उजाडावं लागलं.

म्हणजे स्वच्छ पाण्यात, शांत डायव्हरपाशी शार्क आली, तर तिला लांबूनच कळतं की हा मासा नव्हे. बहुतेक वेळा ती तिथूनच वळते. आपल्या बुडबुड्यांचा आवाजही अनेक शार्कना नकोसा होतो. फोटो काढणारे डायव्हर याच कारणाने हळहळतात.

दिसली तर: माझा वेडेपणा

अंदमानात स्वराज द्वीपाजवळ साधारण १६ मीटर खोलीवर होतो. पुढे गटाला घेऊन जाणाऱ्या डाइव्हमास्टरने उभा पंजा कपाळावर धरला. शार्कची खूण. खाली वाळूवर पंखांची टोकं पांढरी असलेली एक शार्क निजली होती. मला ती सहा फुटांची वाटली. मी काय केलं? काही नाही. नुसता धापा टाकू लागलो. थोड्या वेळाने हवेचा काटा बघितला, तर ११० वरून ७० बारवर आलेला. एरवी त्यात माझी आणखी बरीच डाइव्ह झाली असती. शार्क जागची हललीसुद्धा नव्हती.

बोटीवर आल्यावर डाइव्हमास्टर हसून म्हणाला, "साडेचार फूट होती." आणि ते खरं असणार. पाण्यातून मास्कच्या काचेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे खालची प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. साडेचारची सहा होते. मालवणच्या कट्ट्यावर ऐकलेल्या सगळ्या शार्ककथांना हाच भागाकार लावा. कथा सांगणाऱ्याचा उत्साह त्यात धरलेला नाही.

पण मी धापा टाकण्यावर थांबलो, हे नशीब. घाबरलेल्या माणसाचं अंग सांगतं, वर पळ. डायव्हिंगमध्ये सगळ्यात घातक तेच आहे. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन, श्वास रोखून वर सुटलात, तर वर येईपर्यंत ती हवा दुप्पट जागा मागते. फुगा फुटतो तशी फुप्फुसाला इजा होते. म्हणून डायव्हिंगचा पहिला धडा: श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरी गोष्ट गोटी सोड्याची. बाटलीत दाबाखाली वायू विरघळलेला असतो, गोटी आत ढकलली की फसफसून बुडबुडे येतात. खोल पाण्यात बराच वेळ राहिल्यावर आपल्या रक्तात नायट्रोजन असाच विरघळतो. झटकन वर आलात की शरीर सोडा बाटली होतं. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येत नाहीत, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात.

याचा अर्थ असा, की बुल शार्क दिसल्यावर वर पळणारा माणूस एका संभाव्य धोक्यापासून खात्रीच्या धोक्याकडे पळतो.

मग करायचं काय? अंग उभं ठेवायचं, तिच्याकडे बघत राहायचं. दबकून येऊन बघायची तिची सवय असते. बघतोय हे कळलं की जवळीक कमी होते. गटाला चिकटून राहायचं. मागे खडक असेल तर पाठ खडकाला. ती आणि मोकळा समुद्र यांच्या मधे उभं राहायचं नाही, तिला जायला वाट हवी. हात-पाय झाडायचे नाहीत, कारण झाडाझाड म्हणजे तडफडणारा मासा. आणि एक इशारा ओळखून ठेवायचा: पाठीची कमान झाली, बाजूचे पर खाली ताणले, पोहणं ताठर आणि झटक्याझटक्याचं झालं, तर ती सांगतेय की आता लांब व्हा. कान पाडलेल्या बैलापुढून आपण जसे मागे सरकतो, पाठ न दाखवता, तसं सरकायचं. मग सगळ्यांनी मिळून, ठरल्या वेगाने वर.

"पण रक्ताचा एक थेंब मैलभरावरून..."

नाही. वास पाण्याबरोबर प्रवास करतो, प्रवाह नेईल तिकडे आणि नेईल तेवढाच. शार्कचं नाक तीक्ष्ण आहे यात शंका नाही, पण एका थेंबावर मैलभर धावत येणारी शार्क फक्त पडद्यावर असते. डायव्हरच्या बोटाला खरचटलं म्हणून हल्ला होत नाही. भाल्याने मारलेले, रक्त गळणारे मासे कमरेला बांधून पोहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

बायका हाच प्रश्न पाळीबद्दल दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगतो: पाळीत डायव्हिंग केल्याने शार्कचे हल्ले वाढतात असं कुठेही आढळलेलं नाही. बायका ते वर्षानुवर्षं करत आल्यात.

"आकडे सांगून फसवू नका"

जगभरातल्या हल्ल्यांची नोंद अमेरिकेतलं फ्लोरिडा म्युझियम ठेवतं. माणसाने काही न छेडता झालेले शार्कचे चावे २०२४ मध्ये जगभरात ४७ होते. आपल्याकडे एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने लगेच पकडलं. "काका, ही तुलना खोटी आहे. शेतात कोट्यवधी लोक रोज जातात. शार्कजवळ कोण जातंय?" बरोबर आहे त्याचं. म्हणून एवढंच बघावं की त्या ४७ सारख्या चाव्यांत कोण सापडतं. दरवर्षीच्या नोंदींत मोठा वाटा पृष्ठभागावर लाटांवर खेळणाऱ्यांचा आणि पोहणाऱ्यांचा असतो. शार्कच्या सगळ्यात जवळ जाणारे टाकीवाले डायव्हर त्यात थोडे. वर हात-पाय मारणारा तिला खालून नीट दिसत नाही. खाली तिच्या डोळ्यांसमोर तरंगणारा दिसतो.

"मग वैतरणेत काय झालं?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. पुढे शार्क मेलेली सापडली. ती गाभण बुल शार्क असल्याचं सांगितलं गेलं. वर सांगितलेलं सगळं इथे जुळून येतं: बाळंतपणाला आलेली मादी, उथळ खाडी, गढूळ पाणी. गढूळ पाण्यात तिचे डोळे कामाचे नसतात, मग थरथर आणि टेस्टर यांच्यावर भिस्त. शार्कला हात नाहीत, चाचपायचं तर तोंडानेच. बुल शार्कने नुसतं चाचपलं, तरी पाय जातो. म्हणून खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला डायव्हिंग नाही. या नियमाला मी कधीच अपवाद करत नाही.

आणि चारा घालून शार्क दाखवतात त्याचं काय?

मेक्सिकोत प्लाया देल कारमेनला नोव्हेंबर ते मार्च गाभण बुल शार्क येतात, लोक मुद्दाम त्या बघायला जातात. फिजीत बेका बेटाच्या बाजूला माशांचे तुकडे चारून बुल शार्क दाखवतात. पुतण्याने पाहिलेला व्हिडिओही अशाच कुठल्या ठिकाणचा असणार. गढूळ पाणी, जवळून फेऱ्या. फिजीत डायव्हरकडून घेतलेला पैसा त्या खडकावरची मासेमारी सोडणाऱ्या गावांना मिळतो, हे मानायला हवं. तरी माझं मन घेत नाही. घाटात माकडांना केळी चारून आपण काय करून ठेवलंय ते आपण बघतो. पिशवी दिसली की झडप. तीनशे किलोच्या जनावराला माणूस आणि खाणं यांचं नातं शिकवू नये, असं मला वाटतं. माझे काही डायव्हर मित्र याच्या उलट मताचे आहेत, आणि ते अजून धडधाकट आहेत.

उलट बाजूचा हिशोब फारसा कुणी विचारत नाही. माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा अंदाज २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, हे २०२१ मधलं मोजमाप. सूपासाठी पर कापून धड समुद्रात फेकण्याला भारताने २०१३ मध्ये मनाई केली आणि २०१५ मध्ये परांची निर्यातही थांबवली. ताटातल्या मोरीकडे बघत हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, ते कबूल करतो.

राहिली तारकर्ली. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला काही मीटरच खाली नेतात, प्रशिक्षक पूर्ण वेळ टाकी धरून असतो, पंधरा-वीस मिनिटांत वर. दिसतात ते पट्टेरी छोटे मासे आणि स्वतःचे बुडबुडे. दम्याचा त्रास असेल, सर्दीने कान बंद असतील तर तसं लपवू नको, एवढं मी पुतण्याला बजावलं. वहिनींनी पैसे दिले, पण गळ्यात ताईत बांधून.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"काका, शार्क नाही दिसली. पण दोनदा उलटी झाली."

"पाण्याखाली?"

"नाही हो. एकदा गगनबावड्याच्या घाटात आणि एकदा बोटीवर."